तिठ्यावरच्या घराचा पब कसा झाला

पबच्या डोक्यावर संसार थाटणारी आमच्या दोन्ही घराण्यांतली मी पहिलीच. २००९ साली आयर्लंडमध्ये, मेनूथच्या पलीकडच्या एका गावात आम्ही त्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हा नवऱ्यानं कराडला फोनवर "खाली एक छोटंसं हॉटेल आहे" एवढंच सांगितलं. मी शेजारी बसून ऐकत होते. सासूबाई येतील तेव्हा काय ते त्यांचं त्यांना कळेल, आपण कशाला तोंड उघडा, म्हणून गप्प बसले.

खरं सांगायचं तर बाहेरून तो पब वाटायचाच नाही. तीन रस्ते येऊन मिळतात तिथं एक दुमजली दगडी घर, कोपऱ्याला बाहेर आलेली मोठी काचेची खिडकी, निळं दार. नवखी माणसं दार वाजवून उभी राहायची, कुणीतरी उघडेल म्हणून. आत गेलं तरी घरच. जुन्या स्वयंपाकघराचा बार केलेला, पण भिंतीतली मोठी चूल तशीच. बैठकीच्या खोलीत कोच. मागच्या ज्या गार खोलीत पूर्वी दूध-लोणी ठेवायचे, तिथं बियरची पिंपं. आतला लाकडी जिना थेट आमच्या खोलीपर्यंत यायचा, पण मध्येच फळ्या ठोकून तो बंद केला होता. आम्ही मागच्या अंगणातून लोखंडी जिन्यानं ये-जा करायचो. त्या फळ्यांतून खालचं बोलणं आम्हाला ऐकू यायचं आणि आमच्या लेकीचं रडणं खाली.

मालकीण पंचाहत्तरीची, एकटी, बिनलग्नाची. पबच्याच मागच्या खोलीत राहायची आणि अंगणापलीकडे चार कोंबड्या पाळायची. आम्ही घरात तिला आजी म्हणायचो. लेक तर बोलायला लागल्यावर तोंडावरच म्हणायला लागली, आणि तिलाही ते आवडायचं. मंदीचे दिवस होते, गिऱ्हाईक म्हणजे संध्याकाळचे पाच-सहा म्हातारे. सकाळी अकराच्या सुमाराला, पब उघडायच्या आधी, मी लेकीला घेऊन खाली जायचे. आजी चहा द्यायची आणि घराचा इतिहास सांगायची. इथं वडील उभे राहायचे, इथं आई बसायची. तिठ्यावर गाडीवाले थांबायचे, घोड्यांना पाणी पाजायचे, त्यांचे घसे कोण ओले करणार, म्हणून वडिलांनी हे घर घेऊन पब काढला. दर वेळी हेच, आणि दर वेळी अगदी त्याच शब्दांत.

"आणि त्याच्या आधी कुणाचं होतं?" मी एकदा विचारलं.

"होते कुणीतरी," ती म्हणाली. "गेले." आणि कोरडा खडखडीत बार पुन्हा पुसायला लागली.

मला असल्या अर्ध्या गोष्टींचा फार राग येतो. सांगायचं तर नीट सांगावं, नाहीतर सुरूच करू नये. पण तिची तब्येत बघून मी जास्त ताणलं नाही. तिच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. दोन पायऱ्या चढली तरी ओठ निळे पडायचे. डॉक्टरनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन केलं नाही तर उन्हाळा दिसणार नाही. जानेवारी अखेरची तारीख मिळाली होती आणि ती बॅग भरून बसली होती. "ग्रँड होईल सगळं," असं स्वतःलाच सांगत फिरायची. तिकडं ठीकठाक म्हणायला ग्रँडच म्हणतात.

सासूबाई आल्या त्या नेमक्या त्याच हिवाळ्यात. पहिल्याच संध्याकाळी खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "दारूचा गुत्ता हाय व्हय ह्यो? आन् तुमी म्हनं हॉटेल!" नवरा जो बाथरूममध्ये शिरला तो अर्धा तास बाहेर येईना. तीन दिवस त्यांनी खालच्या दिशेला तोंडसुद्धा केलं नाही.

आणि मग लेक आजारी पडली. दीड वर्षाची होती. आधी सर्दी, मग खोकला, मग ताप. डॉक्टर म्हणाले व्हायरस आहे, पाणी पाजत राहा. ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलात नेलं, तिथं छातीचा फोटो काढला, तपासलं, न्युमोनिया नाही म्हणाले आणि घरी पाठवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण नऊ दिवस झाले तरी ताप हटेना. पोर खाईना, डोळे उघडेना, हाताला नुसती गरम लागायची. त्या दिवसांत मला भीतीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमध्ये खळगा पडायचा, तो मोजत मी बसून राहायचे.

दहाव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "उतारा टाकाय पायजे."

मी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी. पुण्यात लॅबमध्ये काम केलेली बाई. एरवी मी त्यांना चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी मी फक्त विचारलं, "काय काय लागतं?"

वाढदिवसाच्या उरलेल्या कागदी ताटलीत दहीभात काढला. त्यावर हळद, भरपूर कुंकू, कापलेलं लिंबू, एक अंडं. अंड्यावर दुकानाचा शिक्का होता, त्यावरच त्यांनी काजळ फासलं. लेकीवरून सात वेळा ताटली उतरवली. मग म्हणाल्या, तिन्हीसांजेला तिठ्याच्या मधोमध ठेवायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, ठेवल्यावर मागं वळून बघायचं नाही, आल्यावर पाय धुवायचे.

"आणि मग?"

"मग ज्याचा पाय पडंल त्याच्यामागं जातंय. कुनाला सांगायचं मातुर न्हाई हां. सांगितलं की माघारी येतंय, पोरीवर."

त्यांचे गुडघे दुखायचे आणि बाहेर बर्फाची काच झाली होती, म्हणून ताटली घेऊन मी गेले. जानेवारीत तिथं तिन्हीसांजा दुपारी साडेचारलाच होतात. मी जिना उतरले, अंगणाच्या फाटकातून बाहेर पडले, तिठ्याकडे पाच पावलं टाकली आणि समोरून गाडीचे दिवे आले. माझी पाचावर धारण बसली. भर रस्त्यात हातात लाल भात घेऊन उभी असलेली बाई बघून लोक काय म्हणतील? पोलीसच बोलावतील की! मी गर्रकन वळले, फाटकाच्या दगडी खांबापाशी ताटली ठेवली आणि मागं न बघता वर पळाले.

त्याच फाटकातून आजी रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला जायची. हे मला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलेय. आठवलं होतं की नाही, देव जाणे.

सकाळी लेकीचा ताप उतरलेला होता. अंग गार, कपाळावर घाम. ती उठून बसली आणि चक्क "भुक्कू" म्हणाली. मी तिला घट्ट धरून रडले. सासूबाईंनी देवाला साखर ठेवली. पाच मिनिटं, फार तर दहा मिनिटं, मी त्या देशातली सगळ्यात सुखी बाई होते.

मग खिडकीतून खाली बघितलं. आजी फाटकात एका पायावर उभी होती, खांबाला धरून. दुसऱ्या पायातल्या सपातेवरून पिवळा बलक आणि लाल कुंकू ओघळत होतं.

मी धावत खाली गेले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी वाकून तिच्या पायातली सपात काढायला गेले, तर तिनं माझा हात झटकला. "हात लावू नकोस! अजिबात लावू नकोस." तिनं मला फावडं आणायला लावलं. ताटली, भात, टरफलं, दोन्ही सपाता, सगळं फावड्यानंच गोळा केलं, वर रॉकेल ओतलं आणि पेटवून दिलं. अनवाणी, त्या बर्फात. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वर तुझं लेकरू आहे, पोरी. आजपासून तिला अंगणात सोडू नको. कुणीतरी या घरावर पिशोग केलीय."

पिशोग म्हणजे काय, ते ती सांगायला लागली. पूर्वी इकडं वैरी माणूस दुसऱ्याच्या हद्दीत, गवतात, गोठ्यात अंडी लपवून ठेवायचा. ज्याला ती सापडली त्याचं दूध आटायचं, गुरं मरायची, माणसं मरायची. तिला पुढं सांगायची गरजच नव्हती. करणी म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. "आजी, ते मी ठेवलं होतं." इतकंच तर वाक्य. पण वर लेक दहा दिवसांनी पहिल्यांदा वरणभात खात होती. आणि जी बाई माझ्या लेकीला जप म्हणून मला सांगत होती, तिच्यासमोर मी मान खाली घालून "हो" म्हणाले. मेली माझी जीभ!

त्या दिवशी पब उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हातारे गिऱ्हाईक दार वाजवून परत गेले. आजी अंथरुणाला खिळली, जेवेना, माझा चहासुद्धा घेईना. चौथ्या दिवशी फळ्यांमागून तिचा फोनवरचा आवाज आला. ती हॉस्पिटलला सांगत होती, "नाही, मी येणार नाही. नाही, बरी वगैरे नाहीये. पण आता त्याचा उपयोग नाही. माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या."

तारखेला पाच दिवस राहिले होते.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. आजीचा पाय पडला हे ऐकून त्या आधी खाटेवर मटकन बसल्या. मग म्हणाल्या, "आपलं द्याव तिला लागू न्हाई. ती येगळ्या धर्माची."

"आई, ती त्याच भीतीनं मरेल. ऑपरेशनला जात नाहीये. मला तिला सांगायलाच पाहिजे."

"आन् पोरीवर माघारी आलं तर?"

"असलं काही नसतं हो!"

"मग टाकलास कशाला?"

त्या रडायला लागल्या. "पोर का म्हातारी, बघ तुझं तू," म्हणाल्या आणि नातीला छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून बसल्या. नवऱ्याला आम्ही दोघींनी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याच्या ऑफिसात माणसं कमी करत होते, त्याला तोच घोर. मी दिवसभर लेकीच्या कपाळाला हात लावत राहिले. अजून गार. अजून गार. ती खेळत होती आणि मला मात्र, आपण आता हिच्या जिवाशी खेळतोय, असं वाटत होतं. शिकलेपण वगैरे सगळं कुठल्या कुठं गेलं होतं, सांगते तुम्हाला. दुपारी तीनला मी खाली गेले.

आजी पलंगावर बसून होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "तू विचारायचीस ना, आमच्या आधी इथं कोण राहायचं?"

त्या घरात एक शेतकरी राहायचा. बायको, म्हातारी आई आणि वरच्या खोलीत, आमच्या खोलीत, एक लहान मुलगी. आजीचे आई-वडील पलीकडच्या शेतावर एका खोलीच्या झोपडीत. आजी तेव्हा सात वर्षांची. तिच्या आईला हे घर फार आवडायचं, त्यातही कोपऱ्यातली ती मोठी खिडकी. येता-जाता उभी राहून बघायची. एका वसंतात आईनं हिला टोपलीत अंडी दिली आणि सांगितलं, जा, त्यांच्या लोण्याच्या खोलीमागच्या गवतात पुरून ये. लहान पोरीकडे कोण बघतंय? ही गेली आणि पुरून आली.

"आधी त्यांच्या गाईंचं दूध आटलं," आजी म्हणाली. "मग ती वरची मुलगी खोकायला लागली. हिवाळ्यात गेली. माणसं घर टाकून इंग्लंडला निघून गेली. कुणी ते घर घेईना, म्हणून माझ्या वडिलांना मिळालं."

"आणि गाडीवाले? घोडे?"

"गाडीवाले नंतर आले. राहायला आलो आणि आईला या घरात एकटं बसवेना. क्षणभरसुद्धा. सारखं वरून खोकल्याचा आवाज येतो म्हणायची. वडिलांनी तो जिना फळ्या ठोकून बंद केला, तरी येतो म्हणायची. मग ते म्हणाले, हे घर माणसांनी भरून टाकू. असं काहीतरी काढू की रोज कुणीतरी आत असलं पाहिजे, बोललं पाहिजे, गायलं पाहिजे. म्हणून पब." ती दमली, थांबली. "या महिन्यात तुझी पोर वर खोकत होती तेव्हा मी खाली कान झाकून बसायचे. आणि मग दारात अंडं आलं. माझं मलाच परत आलंय, पोरी. त्यांच्यातलं कुणीतरी आलं असेल. बरोबरच आहे."

मी म्हणाले, "आजी, ते अंडं मी ठेवलं."

ती बघत राहिली. मग मी थांबलेच नाही. ताप, सासूबाई, दहीभात, काजळ, गाडीचे दिवे, सगळं भडाभडा सांगून टाकलं. ते रक्त नव्हतं, कुंकू होतं, कपाळाला लावायचं. तुमच्यावर कुणाचा राग नव्हता. इंग्लंडहून कुणीही आलेलं नाही. आमच्याकडे लेकराचं दुखणं जावं म्हणून करतात.

"जावं म्हणून," ती म्हणाली. "जाऊन कुठं?"

मला खोटं बोलता आलं असतं. देवाकडे, म्हणायचं. आकाशात, म्हणायचं. तिला कोण सांगणार होतं?

"ज्याचा पाय पडेल त्याच्याकडे," मी म्हणाले.

मला वाटलं आता ही मला घराबाहेर काढणार, आणि काढावंच तिनं.

"उतरला का ताप?"

"त्याच दिवशी."

"परत नाही ना आला?"

"नाही."

"मग राहू दे माझ्याकडे," आजी म्हणाली. तिनं माझा हात धरला, तिचे हात बर्फासारखे गार होते. "त्या दुसरीचं मला घेता आलं नव्हतं." मग तिनं मला फोन आणून द्यायला सांगितला आणि माझ्यासमोर हॉस्पिटलला कळवलं की मी येतेय.

वर आले तेव्हा सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. "सांगितलं," मी म्हणाले. आम्ही दोघींनी त्या संध्याकाळी आळीपाळीनं लेकीच्या कपाळाला किती वेळा हात लावला असेल, त्याला गणती नाही. ताप आला नाही. कधीच आला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी तिला मीच सोडायला गेले. वॉर्डच्या दारात ती थांबली आणि मास्तरणीसारखं बोट रोखून म्हणाली, "हे बघ. मला काही झालं तर ते वयानं झालं. कळलं? ती पोर मोठी झाल्यावर तिला दुसरं काहीही सांगायचं नाही. म्हण बघू."

"वयानं," मी म्हणाले.

"पुन्हा म्हण."

"वयानं."

ऑपरेशन नीट पार पडलं. आठव्या दिवशी ती गेली.

तिकडच्या रिवाजाप्रमाणे तिला घरी आणलं. बैठकीच्या खोलीत, कोपऱ्यातल्या मोठ्या खिडकीपाशी पेटी ठेवली, उघडीच. आरसे झाकले, घड्याळ थांबवलं. दोन दिवस बारमागं कुणी उभं राहिलं नाही. लोक आले ते त्या निळ्या दारातून, एखाद्याच्या घरी यावं तसे, आणि चहा पिऊन, हात हातात घेऊन गेले. सासूबाई पहिल्यांदाच खाली आल्या. डोक्यावरून पदर घेऊन त्यांनी पेटीसमोर जमिनीला कपाळ टेकवलं आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत.

रोजच्या गिऱ्हाइकांतला एक म्हातारा माझ्याजवळ येऊन म्हणाला, ऑपरेशन तर ग्रँड झालं होतं म्हणे, मग झालं तरी काय?

"वय," मी म्हणाले. "वयानं गेल्या."

लेक माझ्या कडेवर होती, चांगली जड, ठणठणीत. ती पेटीकडे हात करून हाका मारत होती, "आजी, ऊठ. आजी, ऊठ."